कोलेस्टेरॉलची गोळी: डोस डबल करायचा की दुसरी जोडायची?

शिवाजी पार्कला सकाळी फिरणाऱ्या काकालोकांच्या हिशोबात कोलेस्टेरॉलच्या गोळीचे दोनच प्रकार, हलकी आणि स्ट्राँग. बाबांना स्टेंट टाकल्यापासून मी हे ऐकतेय, की अरे मला तर दहाची चालते, तुला चाळीसची कशाला दिली, लिव्हर जाईल. आता त्या काकांची रोझुव्हास्टॅटिन आहे आणि बाबांची ॲटोर्वास्टॅटिन, दोन्ही स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्याच, पण औषधं वेगळी, मग आकडे कसे जुळणार? रोझुव्हा १० साधारण ॲटोर्वा २० च्या तोडीची असते. मिलिग्रॅम बघून घाबरायचं नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती टक्के खाली येणार ते विचारायचं. ॲटोर्वा ४० किंवा ८०, नाहीतर रोझुव्हा २० किंवा ४०, यांनी एलडीएल जवळपास निम्मं होतं.

बाबांचं एलडीएल ॲटोर्वा चाळीसवर ६८ आलं. लॅबच्या कागदावर १०० च्या आत म्हणजे नॉर्मल, त्यामुळे घरात आनंदीआनंद आणि बाबा म्हणाले चला आता गोळी बंद. पण ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं ना! बंद केली की काही आठवड्यांत परत वर. शिवाय ज्याला स्टेंट पडलाय त्याचं टार्गेट ५५ च्या खाली, हे त्या छापील रेंजमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं आणि मला याचा खरंच राग येतो.

मग डोस वाढवायचा का? डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला वाटतं. स्टॅटिनचा डोस डबल केला तरी एलडीएल आणखी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं, बहुतेक काम पहिल्या छोट्या डोसनेच झालेलं असतं. त्यापेक्षा इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी, १० मिलिग्रॅमची, जोडली तर उरलेल्यातलं साधारण २० टक्के जातं, कारण तिचं काम वेगळ्या जागी चालतं, स्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं आणि ही आतड्यातून ते रक्तात जाणं कमी करते. २०१५ ला १८ हजारांहून जास्त हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की स्टॅटिनबरोबर ही दिली की पुढचे हार्ट अटॅक आणि स्ट्रोकही थोडे कमी होतात, म्हणजे फायदा नुसता कागदावरचा नाही. दोन्ही एकाच गोळीत मिळतात. ती जोडल्यावर बाबांचं एलडीएल आता ५३ आहे.

मधेच त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. शेजारच्यांनी लगेच गोळीवर खापर फोडलं. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक निघालं, आणि दुखणं हळूहळू गेलंही. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात हे खरं आहे, कोणी सांगितलं तर उडवून लावू नका. पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी (औषध नसलेली) आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीवर होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. त्यामुळे परस्पर बंद करू नका, आधी स्टॅटिन बदलून किंवा डोस कमी करून बघता येतं. खरंच सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड नावाची वेगळी गोळी आहे, ते स्नायूंमध्ये ॲक्टिव्ह होत नाही, फक्त युरिक ॲसिड वाढू शकतं म्हणून गाउटवाल्यांनी (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखतात त्यांनी) आधी सांगावं. इंजेक्शनंही आहेत, इव्होलोक्युमॅब दोन आठवड्यांनी, इन्क्लिसिरॅन सुरुवातीच्या दोन डोसनंतर वर्षातून दोनदाच, एलडीएल ५०-६० टक्के उतरवतात पण खर्च आपल्यासारख्यांना झेपणारा नाही. तोवर साधी जेनेरिक स्टॅटिन आणि इझेटिमाइब, दोन्ही स्वस्त आहेत आणि बहुतेकांचं त्यातच भागतं.

अजून एक, लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक कण, याची टेस्ट आयुष्यात एकदा तरी करून घ्या. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, स्टॅटिनने ते उतरत नाही आणि ते आईवडिलांकडून येतं. बाबांचं जास्त निघालंय, म्हणून या रविवारी मी आणि दादा दोघंही रक्त देऊन येणार आहोत.