फलाटाबाहेरचे मूल

आज पहाटे मुंबईच्या गाडीची वाट पाहताना स्थानकाबाहेर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पंक्चरच्या सोल्यूशनने भिजवलेले फडके नाकाशी धरून बसलेला दिसला. आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला गेले आहेत, एवढेच तो बोलला; मी दिलेला बिस्किटांचा पुडा त्याने न फोडताच शर्टात कोंबला. ते हुंगले की भूक लागत नाही, असे चहावाल्या मावशी म्हणाल्या.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार बेघर आणि नशेच्या आहारी जाण्याची शक्यता असलेले मूल ही शासनाची जबाबदारी ठरते, आणि असे मूल आढळताच त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करणे बंधनकारक आहे. मावशी त्याला पावसाळ्यापासून तिथेच पाहत आहेत! शासनाला तो एवढे महिने दिसला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. मी गाडी सोडून १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.