पत्त्यातल्या माणसाला मान वळवता येत नाही

बुधवार, रात्री साडेअकरा

आज परत टॅरोचा डेक काढला, म्हणजे लोक भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड. गेले नऊ दिवस नुसतं तळ्यात मळ्यात चाललंय आणि शुक्रवारी दुपारपर्यंत ऑफिसात सांगायचंय, टीमलीड होणार की नाही. हो म्हटलं तर पाच जणांचं काम माझ्या अंगावर आणि माझं स्वतःचं हाताने करायचं डिझाइनचं काम जवळजवळ बंद, नाही म्हटलं तर आहे तसंच चालू राहणार पण मग वर्षभर मनाला लागून राहणार की संधी आली होती. रविवारी कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू लिहून काढल्या, सात मुद्दे इकडे, सात तिकडे. आता बघितलं तर कळतंय की सातवा मुद्दा मी बरोबरी व्हावी म्हणूनच घातला होता.

म्हणून पत्ते.

मी कौल मागत नाही, हे स्वतःलाच परत एकदा लिहून ठेवते, कारण एकेकाळी मागितला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टॅरो रीडरकडे गेले होते, एका कोर्सला जायचं की नाही म्हणून, आणि तिकडे मला ठामपणे सांगितलं गेलं की यंदा कुठलाही बदल करू नका. मी नाही केला. कोर्स हुकला याचं वाईट वाटायचं थांबलं केव्हाच, पण माझा निर्णय मी उचलून दुसऱ्याच्या हातात दिला आणि वर सुटल्यासारखं वाटलं होतं, ते अजून टोचतं. त्यानंतर दोनेक वर्षं डेक कपाटातच होता.

मग कुठेतरी वाचलं की हे पत्ते मुळात खेळायचे होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक यांच्यावर डाव मांडायचे, भविष्य वगैरे सांगायला सर्रास वापर सुरू झाला तो पार अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. हे कळल्यावर मला फार मोकळं वाटलं, म्हणजे या कागदात कुणी काही लिहून ठेवलेलं नाहीये, जे काही आहे ते बघणाऱ्याचं. माझ्याकडचा डेक १९०९ सालच्या लंडनच्या डेकची आवृत्ती आहे, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. एकूण ७८ पत्ते, त्यातले २२ मेजर अर्काना, म्हणजे स्वतःचं वेगळं नाव असलेले मोठे पत्ते, आणि ५६ मायनर, म्हणजे साध्या पत्त्यांसारखे चार रंगांत वाटलेले. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये मायनरचे आकडेवाले पत्ते आपल्या साध्या कॅटमधल्या पत्त्यांसारखेच असायचे, चार म्हणजे चार नाणी, पाच म्हणजे पाच पेले. या बाईंनी त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसं काढली, कुणी पाठमोरं निघून चाललंय, कुणी अंथरुणात उठून तोंड झाकून बसलंय. मला टॅरो उपयोगी पडतं ते या माणसांमुळे. चार नाण्यांकडे बघून मी काय बोलणार, पण माणूस दिसला की मी लगेच त्याच्याबद्दल काहीतरी म्हणते आणि ते म्हणणं माझं असतं.

प्रश्न कसा विचारायचा याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. "मी टीमलीड व्हावं का" असं विचारलं की आपण उत्तर ऐकायला बसतो. आज वहीत लिहिलं, "या पोस्टबद्दल मी काय बघायचं टाळतेय?" मग पत्ते पिसले, एकच काढला. एकच काढायचा आणि आवडला नाही म्हणून दुसरा काढायचा नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही, कारण दुसरा काढायची इच्छा झाली तर तीच खरी बातमी असते. आणि डेकसोबतची अर्थांची पुस्तिका उघडायच्या आधी दहा मिनिटं जे दिसतंय ते लिहायचं.

फोर ऑफ पेंटॅकल्स निघाला, म्हणजे चार नाण्यांचा पत्ता.

एक माणूस बसलाय, डोक्यावर मुकुट, मुकुटावर एक नाणं. एक नाणं दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलेलं, दोन नाणी दोन पायांखाली दाबलेली. मागे अख्खं शहर आहे आणि हा त्याच्याकडे पाठ करून बसलाय. मी पहिलं वाक्य लिहिलं ते असं, "याला मान वळवता येत नाही, वळवली तर डोक्यावरचं पडेल." दुसरं, "हात रिकामे नाहीत म्हणून कुणी काही दिलं तरी घेता येणार नाही." आणि तिसरं वाक्य, मला माहीतच नव्हतं मी हे लिहिणारे, "सोमवारी मी तिची फाईल स्वतः परत नव्याने केली."

पेन तिथेच थांबलं. पोटात गोळा आला अक्षरशः.

सोमवारी काय झालं होतं, आमच्या टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीने एक लेआउट करून दिला, मी तिला छान झालंय म्हटलं आणि रात्री घरी बसून पहिल्यापासून सगळा स्वतः परत केला आणि तोच क्लायंटला पाठवला. तिला बोलले नाही. काल क्लायंटला आवडल्याचा मेल आला, सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, मीही केलं. चौदा मुद्द्यांच्या त्या यादीत हे कुठेच नाहीये. तिथे मी लिहिलंय की घरी वेळ देता येणार नाही, की मीटिंगा वाढतील, की मला माणसं सांभाळायला जमत नाही. सगळी कारणं खरीच आहेत पण खालचं कारण हे, की काम माझ्या हातातून सुटलं आणि दुसऱ्याने चांगलं केलं तर मग मी कोण. ते छातीशी धरलेलं नाणं म्हणजे "हे मलाच जमतं".

मग अर्थातच शंका आली की कुठलाही पत्ता निघाला असता तरी असाच लागू पडला असता. खरंय, पडला असता. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक एक कागद दिला आणि किती जुळतंय त्याला मार्क द्यायला सांगितले, ५ पैकी सरासरी आली ४.२६, आणि सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता. म्हणून पुस्तिकेतला अर्थ जुळला तर मी त्याला काही किंमत देत नाही, तो जुळणारच, तसाच लिहिलेला असतो. मी बघते ते माझ्या वहीत काय उतरलं. आज मुद्दाम मागची पानं चाळली तर हाच पत्ता मागच्या वर्षी पण निघाला होता, नोकरी जाते की काय अशी धाकधूक होती तेव्हा, आणि तेव्हा मी लिहिलंय, "किती सुरक्षित बसलाय हा, सगळं जागच्या जागी." तोच माणूस, तीच चार नाणी!! तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता आणि आज त्याची मान अवघडलेली दिसतेय.

(मैत्रीण परवा म्हणाली माझ्यासाठी पण एक काढ ना, तो माझ्याबद्दल काय विचार करतो ते बघू. नाही काढला. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला विचारायचं असतं, पत्त्यात ते कुठून येणार. तब्येतीचं, कर्जाचं, कोर्टकचेरीचं पण मी कधीच बघत नाही, त्याला त्यातली माणसं आहेत. आणि खूप रडून झाल्यावर तर डेकला हातच लावत नाही, तेव्हा प्रत्येक चित्रात वाईटच दिसतं. एकदा अशाच रात्री डेथ, म्हणजे मृत्यूचा पत्ता, निघाला होता आणि मी घाबरून लाइट चालू ठेवून झोपले, त्याच चित्रात मागे दोन बुरुजांच्या मधून सूर्य वर येतोय ते मला सकाळी दिसलं.)

तर शुक्रवारी काय सांगायचं हे पत्त्याने सांगितलेलं नाही. हा पत्ता दाखवून मी "आहे ते घट्ट धरून ठेव" असंही म्हणू शकते आणि "सोड आता" असंही. पण प्रश्न बदलला. नऊ दिवस मी विचारत होते की ही पोस्ट मला झेपेल का, आणि विचारायला हवं होतं की दुसऱ्याचं काम दुसऱ्याचंच राहू देणं मला झेपेल का. हे टीमलीड न होता पण बघता येईल, उद्याच बघता येईल. तिची मूळ फाईल अजून माझ्याकडे आहे, डिलीट केलेली नाही.

गुरुवार, रात्र

सकाळी सगळ्यात आधी तिची फाईल उघडली. माझ्या डोक्यात होतं की त्यात सहा-सात चुका होत्या म्हणून मला परत करावी लागली. दोन होत्या. बाकी सगळं फक्त माझ्यासारखं नव्हतं, आणि एका ठिकाणी तर तिने मोकळी जागा अशी काही सोडली होती की मला ते सुचलंच नसतं.

तिला बाजूला बोलावून सांगितलं. हात थरथरत होते माझे. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे ताई, क्लायंटला आवडली ती माझी नव्हती?" मी नाही म्हटलं. सॉरी म्हटलं. दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडून आम्ही तासभर बसलो, त्या दोन चुका तिला दाखवल्या, ती मोकळी जागा तिने मला समजावून सांगितली, सुरुवातीला आवाज बसलेला होता तिचा, नंतर थोडा खुलला. पुढचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं, तिने विचारल्याशिवाय मी उघडून बघणार नाही असं सर्वांसमोर सांगितलंय.

संध्याकाळपर्यंत तीन वेळा त्या फोल्डरवर माऊस नेला. उघडलं नाही.

आज पत्ता काढला नाही. उद्या बोलायचं ते वहीत लिहून ठेवलंय, हो म्हणणारे, फक्त वर्षातलं एक काम माझ्या स्वतःच्या हाताने करायला मिळावं एवढं मागणारे, आणि क्लायंटचा तो मेल कुणाच्या कामाबद्दल आला ते टीमला मीच सांगणारे.