आधी ब्रेक, मग इंजिन

आप्पांची प्रीमियर पद्मिनी १९८६ची. तोवर मारुती ८०० रस्त्यावर सर्रास दिसायला लागली होती, पण आप्पांचं म्हणणं एकच, "पत्रा बघा की! कुर्ल्यात बनलीय." ते गेल्यावर गाडी कराडच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला, चारही टायर जमिनीला टेकले.

बाहेर काढायचं ठरलं तसे घरात दोन तट पडले. धाकट्या भावाला मेटॅलिक रंग, एसी आणि म्युझिक सिस्टीम हवी होती. मला गाडी फक्त चालती हवी होती. रंग उडालाय तिथे उडू दे, पण बोनेटवरचा आप्पांच्या काळचा तो मळकट पांढरा राहू दे. एसी बसवायचा तर नवी गाडी घे की बाबा.

मिस्त्रींनी आमचं भांडण ऐकलं आणि जॅक लावून सरळ चाकं उतरवायला घेतली. "ताई, चालू काय, आज ना उद्या होईल. थांबली पाहिजे." चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडरचे पिस्टन आतल्या आत गंजून बसले होते. मास्टर सिलिंडरच्या रबरांचा तर चिकट लगदा झालेला. ही रबर किट कराडात मिळाली नाहीत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाली.

इंजिन १०८९ सीसीचं, जाम. मिस्त्रींनी प्लग काढले, चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि रात्रभर हात लावू दिला नाही. सकाळी क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून एक बोटभर पुढे, एक बोटभर मागे. जोर अजिबात नाही. बऱ्याच वेळाने आतून 'कट्' असा आवाज आला आणि पुली फिरली. माझा भाऊ टाळ्या वाजवतोय, मिस्त्री मात्र ऑइल काढायला खाली शिरलेले.

टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा रबरी पडदा वाळलेल्या पापडासारखा तुटला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा वार्निश होऊन कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, बुजले होते. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते मानवत नाही आणि पाणीही ओढून घेतं. म्हणून पाइप, पडदा सगळं नव्या जातीच्या रबराचं घातलं. आता गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवायचं नाही, असा मिस्त्रींचा हुकूम आहे.

व्हिंटेज नंबर घ्या, असं चार जणांनी सुचवलं. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि तसा नंबर घेतला की रोजच्या वापराला बंदी. मला तर हिच्यातून भाजी आणायचीय! त्यामुळे आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी नोंदणीचं साधं नूतनीकरण.

परवा साताऱ्यापर्यंत जाऊन आले. स्टिअरिंगवरचा गिअर हाताला अजून सवयीचा होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना भाऊ दर वेळी दचकत होता. एसीचा विषय त्याने अजून सोडलेला नाही, कारण त्याच्या बाजूची काच खाली जात नाही. डावीकडच्या पुढच्या दाराचं काच फिरवायचं मशीन कुणाकडे पडून असेल तर जरूर कळवा. जुनं चालेल, फक्त दाते झिजलेले नकोत.