अलैंगिक म्हणजे हायड्रा नव्हे गं आई

आमच्या आईनं सत्तावीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं, त्यामुळं मी ज्या दिवशी धीर करून तिला म्हटलं की आई, मी अलैंगिक आहे, त्या दिवशी तिनं मटार सोलता सोलता चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "म्हणजे हायड्रासारखं?"

मी हसले. दुसरं काय करणार. चूक तिची नाहीच ना, मराठीत हा शब्द भेटतो तोच दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, अलैंगिक प्रजनन, अमीबाचे एकाचे दोन होतात, हायड्राच्या अंगावर कळी फुटते वगैरे. माणसाला हा शब्द लावलेला तिनं ना कुठल्या मालिकेत ऐकलेला ना पेपरात वाचलेला. आणि ही बाई रोज पेपर कोड्यासकट वाचते, संध्याकाळी सात ते दहा टीव्हीपुढं असते, फेसबुकवर माझ्यापेक्षा जास्त असते. एवढं सगळं डोळ्यांखालून जाऊन तिच्यापर्यंत या विषयातलं पोचलं काय, तर हायड्रा. म्हणून मी घरात आता एसेक्शुअल असंच म्हणते, निदान प्रजनन तरी आठवत नाही कुणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. कुणाबद्दलच, बाई असो पुरुष असो, लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा अगदीच क्वचित वाटतं, अशी माणसं एसेक्शुअल. प्रेम वाटू शकतं, काहींना तेही वाटत नाही, काही जण लग्न करतात, बरेच करत नाहीत. हे ब्रह्मचर्य नाही. एकादशीला भडंगाकडं बघायचं नाही असं ठरवणं वेगळं आणि मुळात भडंगच न आवडणं वेगळं (सांगलीत राहून भडंग आवडत नाही असं म्हणणं जास्त डेंजर आहे, ते मी म्हणणार नाही, मला आवडतं).

आमच्या मामाला हे सांगायचं धाडस मी केलेलं नाही, पण लग्नाचा विषय टाळला की त्याचा जोक ठरलेला, "मग काय, सज्जनगडावर सोडून येऊ का तुला?" समर्थ 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले ही गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असते. समर्थांबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझी ती लायकी नाही. पण मामाच्या जोकमधली गंमत बघा, लग्न न करणाऱ्या माणसाची आपल्याकडं जागा आहे, नाही असं नाही, फक्त तिथं जायचं तर कारण तेवढं मोठं लागतं. देव लागतो, देश लागतो, नाहीतर चळवळ तरी लागते. मी विश्रामबागला एका टॅक्सवाल्यांकडं जीएसटीचे रिटर्न भरते. एवढ्यावर कोण सोडणार.

आणि मालिका बघाल तर तेच. आईबरोबर जेवताना मी पण बघते, नाही म्हणत नाही, व्यसन आहे ते. लग्न न झालेली आत्या प्रत्येक मालिकेत असते. ती एकतर घर फोडणारी असते, नाहीतर वीस वर्षांपूर्वी तिचा कुणीतरी होता तो गेलेला असतो आणि कपाटात साडीच्या घडीखाली त्याचा फोटो असतो. मागच्या वर्षी एक आत्या आली होती, चांगली हसरी, बँकेत नोकरी, स्वतःची स्कूटर. मी महिनाभर मनातल्या मनात देवाला म्हणत होते की हिला तशीच राहू दे, हिचं काही काढू नका. आई पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "हिचं कायतरी असणार बघ." आणि असलंच की! तीन महिन्यांनी अपघात, फ्लॅशबॅक, मोडलेला साखरपुडा, पाऊस. आई म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" मी ताट उचलून आत गेले. आईचा अंदाज चुकणार कसा, मालिका लिहिणारेही आईसारखाच विचार करतात, बाईनं लग्न केलं नाही म्हणजे कुठंतरी जखम असली पाहिजे.

आता सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो, तर जरा घरचंच बघू. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं पहिलं नाटक केलं ते कुठलं, 'सीता स्वयंवर'. म्हणजे मराठी नाटक जन्माला आलं तेच मुळी लग्नमंडपात. पुढं 'सौभद्र' आलं १८८२ ला, सुभद्रेचं लग्न कुणाशी. मग इथंच हरिपूरला जन्मलेल्या देवलांचं 'शारदा' १८९९ ला, थेरड्याशी लग्न लावू नका. फार मोठी नाटकं आहेत, शारदेबद्दल मला मनापासून आदर आहे, त्या काळात असं लिहायला छाती लागते. पण प्रश्न सगळीकडं 'कुणाशी' हाच. 'करायचंच का' हा प्रश्न विचारणारी बाई एखाद्या नाटकात असेलही, मला तरी भेटली नाही.

मराठी लोक घाबरट आहेत असंही नाही हं. र. धों. कर्व्यांनी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवरचं मासिक काढलं ते १९५३ ला मरेपर्यंत चालवलं, खटले झाले, दंड झाले, तरी वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचा माणूस. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये १९८१ ला बाईवर प्रेम करणारी बाई मराठी रंगमंचावर उभी होती. मग आमचंच घोडं कुठं अडतं? मला वाटतं गोष्ट लिहिणाऱ्याला आमच्यात मालच मिळत नाही. चोरून भेटणं नाही, पळून जाणं नाही, बापानं खोलीत कोंडणं नाही. जे घडतच नाही ते दाखवणार कसं? बातम्यांचंही तसंच. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध निकाल आला, दिवसभर चॅनलवर झेंडे, मिठ्या, चर्चा, मला खूप भारी वाटलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं खरंच. पण आमच्यावर कुठलं कलमच नव्हतं, मग आमची बातमी कशाची होणार. एलजीबीटीक्यूआयए म्हणताना शेवटचा 'ए', एसेक्शुअलचा, आपले पेपर बहुतेक वेळा उच्चारतच नाहीत, आणि उच्चारला तर तो 'अलाय'चा, म्हणजे पाठिंबा देणाऱ्यांचा आहे असं समजणारेही आहेत. पाठिंबा देणारे आत आणि आम्ही बाहेर चपला सांभाळायला.

आमच्या जवळपास जाणारी गोष्ट येते ती नपुंसकतेची. २०१७ ला त्यावर हिंदीत अख्खा पिक्चर आला, 'शुभ मंगल सावधान' (बघा, परत सावधान!). बरा होता. पण शरीराला न जमणं आणि मनाला नकोच असणं या दोन गोष्टी आपल्याकडं एकाच पोत्यात भरतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही नपुंसकतेमुळं संबंध आले नाहीत तर लग्न रद्द करून मागता येतं, तो शब्द लोकांना माहीत आहे, त्यामुळं मुलगा लग्नाला नको म्हणाला की नातेवाईक थेट तिथं पोचतात. माझ्यासारख्या मुली निदान 'लाजते' यावर चार-पाच वर्षं काढतात.

बाहेरचं मी काय काय बघितलं ते सांगते. कॉलेजला असताना मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर 'हाउस' बघायचो, लंगडणारा खडूस डॉक्टर. २०१२ च्या एका भागात एक नवराबायको येतात, आम्ही दोघं एसेक्शुअल, सुखात आहोत म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. अंगावर काटा आला, म्हणजे ह्याला नाव आहे! तो आनंद अर्धा तास टिकला. शेवटी काय निघतं, नवऱ्याच्या पिट्युटरीवर ट्यूमर, म्हणून त्याला इच्छा नव्हती, आणि बायको त्याच्यासाठी इतकी वर्षं खोटं बोलत होती. झालं. एकाला आजार, दुसरी खोटारडी. मी वीस वर्षांची, रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून डोकं दुखतंय का ते चाचपत होते.

पुढं मिरजेत एका डॉक्टरांना दाखवलं पण, मिरजेत काय डॉक्टरांना तोटा नाही. थायरॉईड, हार्मोन, सगळं नॉर्मल. त्यांनी रिपोर्टचे कागद पाकिटात घालत म्हटलं, "लग्न झालं की होईल सगळं." साडेचार हजार घेऊन आमच्या मावशीचंच वाक्य. त्या 'हाउस'च्या भागानंतर पुढच्याच वर्षी, २०१३ ला, अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या नव्या पुस्तकात, डीएसएम-५ मध्ये, लिहिलं गेलं होतं की माणूस स्वतःला एसेक्शुअल म्हणत असेल तर इच्छा कमी असल्याचा आजार त्याला चिकटवायचा नाही. हे मला फार उशिरा कळलं. ट्यूमरचा भाग मात्र पेनड्राइव्हवरून सांगलीपर्यंत आला होता.

मग टॉड आला. 'बोजॅक हॉर्समन', कार्टून आहे, हिरो घोडा आहे, नशा करणारा पडेल नट, आणि त्याच्या सोफ्यावर फुकट झोपणारा टॉड, डोक्यावर पिवळी टोपी. २०१६ च्या सीझनच्या शेवटी मैत्रीण त्याला विचारते तू गे आहेस का, तर तो म्हणतो नाही, पण स्ट्रेट पण नाही, मी बहुतेक काहीच नाहीये. पुण्यात पीजीमध्ये, पांघरूण डोक्यावर घेऊन, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून मी ते बघत होते कारण रूममेट झोपली होती, आणि 'काहीच नाहीये' हे मी स्वतःला इतक्यांदा म्हटलं होतं की मी पॉज करून तसाच फोन छातीवर ठेवून पडले. पुढच्या वर्षी टॉडला त्याचा शब्द सापडतो. सापडल्यावरही तो तसाच राहतो, तसाच येडा, भलतेसलते धंदे काढणारा, हेच मला सगळ्यात आवडलं. पुढं एक मुलगी भेटते त्याला, ती पण एसेक्शुअल, आणि तिच्या घरचे कोण, तर बाप चावट कादंबऱ्या लिहिणारा, आई तसल्या सिनेमातली नटी, बहीण सेक्सचे सल्ले देणारी. बिचारी घरी सांगूच शकत नाही! आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून मी पण सांगू शकत नव्हते. उलट्या बाजूनं येऊन दोघी एकाच दारात.

त्याआधी आमच्या वाटणीला यायचे ते रोबोट, परग्रहवासी आणि 'बिग बँग थिअरी'तल्या शेल्डनसारखे अतिहुशार. कुणाला हात लावू न देणारा शेल्डन, त्याला कितीतरी जण आपला मानायचे, पण त्यालाही २०१५ ला मार्गी लावलाच. हुशार असाल तर तात्पुरती सूट, एवढंच. मी तर बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास आहे, मला कसली सूट.

'सेक्स एज्युकेशन' या मालिकेत २०२० च्या सीझनला एक शाळकरी मुलगी येते, नाटकात ज्युलिएट करणारी, तिला एक समुपदेशक बाई सांगते की सेक्समुळं माणूस पूर्ण होत नाही, मग तू मोडलेली कशी असशील. सीन चांगला आहे, मी तीनदा बघितला, पण दोन मिनिटांत ती मुलगी संपते. २०२३ ला परत एक आणली, ओ नावाची, मोठा रोल, पण ती हिरोच्या विरोधात असलेली, त्यामुळं माझं समाधान आणि वैताग अर्धा अर्धा. 'हार्टस्टॉपर' मालिकेतला आयझॅक मला पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणून आवडतो. जपानमध्ये तर २०२२ ला तिथल्या सार्वजनिक एनएचके चॅनलवर अख्खी मालिका झाली, ज्यांना प्रेमाचंही आकर्षण नाही अशा दोघांची, एकाच घरात राहणारी. हे म्हणजे आपल्या सह्याद्री वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्यांच्या आसपास असलं काहीतरी लागण्यासारखं आहे. विचार करून बघा. आमच्या मामाचा चहा सांडेल.

आम्ही आहोत तरी किती? बोगार्ट नावाच्या संशोधकानं २००४ ला ब्रिटनमधल्या अठरा हजारांवर लोकांच्या सर्व्हेवरून एक टक्का काढला होता. तोच आकडा कच्चा धरला तर २०११ च्या जनगणनेतल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या पाच लाखांत पाच हजार. भावे नाट्यमंदिरात मावणार नाहीत एवढे! मला आजवर भेटलेले एकूण तीन, तेही ऑनलाइन, त्यातला एक नागपूरचा.

तर आई. हायड्रानंतर तिनं दोन दिवस काही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते तुझं कार्टून दाखव बघू." दाखवलं. घोडा बघून म्हणाली, "हे काय बघायलीस तू." टॉड आवडला तिला, "गरीब आहे पोरगं, ह्याला कुणी जेवायला देत नाही का." इंग्रजी भरभर असतं म्हणून अर्ध्यात कंटाळली आणि मालिकेची वेळ झाली.

परवा रात्री मालिका चालू असतानाच वधूवरवाल्या काकूंचा फोन आला. आईनं टीव्ही म्यूट केला. "नाही हो, तिला नाही करायचं." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. आई म्हणाली, "का म्हणजे? नाही करायचं. कारण कशाला पायजे?" मी आमटी वाढायची थांबले. मग तिनं टीव्हीवरचा चष्म्याचा डबा उघडला, पेन शोधलं आणि पेपरच्या कडेला, कोड्याशेजारी, एक नंबर लिहून घेतला.

"मुलगा इरिगेशनला आहे," म्हणाली मला, माझ्याकडं न बघता. "असू दे आपला लिहून. आवाज वाढव जरा."