तुम्ही विचारलेत म्हणून : कपाटात तांदूळ आणि पास्ताच उरतो तेव्हा

"काकू, महिनाअखेरीला कपाटात नुसता तांदूळ आणि पास्ता उरतो, त्याचे स्वस्तात काय करायचे?" हा प्रश्न आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारी मुले दर वर्षी विचारतात. भंवरकुआच्या शिकवणी वर्गांसाठी बुऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव अशा ठिकाणांहून ती इंदुरात येतात आणि त्यांच्याजवळ एक शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, लहान कुकर आणि एखादी कढई, एवढाच संसार असतो. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

तांदूळ आणि पास्ता हे मुळातच स्वस्त पदार्थ आहेत. खिसा रिकामा होतो तो त्यांवर ओतायच्या सामानाने. तयार सॉसची बाटली, चीजचे चौकोन, परदेशी पाल्यांच्या चुऱ्याची पुडी या तिन्ही गोष्टी एकदा आणल्या, की त्या पैशांत तूरडाळ, लसूण, शेंगदाणे आणि तेल यांचा बराच साठा झाला असता. पास्ता म्हणजे लाल किंवा पांढरा सॉस, ही समजूत एकदा सोडली की निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

माळव्यात राहणाऱ्याने तर पास्त्याला परका समजण्याचे काहीच कारण नाही. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून होतो आणि ड्युरम म्हणजेच आपल्याकडचा कठिया गहू, ज्याचे दाल-बाफले येथे घरोघरी होतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर येथील प्रादेशिक केंद्राने पोषण आणि पूसा तेजस यांसारखे ड्युरमचे वाण दिले आहेत. हा दाणा कठीण असतो, दळताना त्याचा रवाळ, पिवळसर रवा पडतो आणि त्यात प्रथिने भरपूर असल्यामुळे शिजल्यावरही पास्त्याचा आकार टिकतो. मैद्याचा पास्ता थोडा स्वस्त मिळतो, परंतु तो लवकर गिळगिळीत होतो आणि पाण्यात विरघळून अर्धा वाया जातो. म्हणून पाकिटावर ड्युरमचा रवा लिहिला आहे की मैदा, एवढे वाचून घ्यावे. वाण्याकडे सुटा घेत असाल तर त्याला विचारावे आणि पांढराफटक दिसणारा घेऊ नये.

आता माझे खरे उत्तर. कपाटात पास्ता आणि मूठभर तूरडाळ असेल तर वरणफळे करावीत. फळांसाठी कणीक मळणे, लाटणे, कापणे हा सारा खटाटोप पास्ता वाचवतो, आणि त्याला आमटी इतकी मानवते की एकदा खाल्ल्यावर मुले पुन्हा सॉसचे नाव काढत नाहीत. दोघांसाठी पाव वाटी डाळ हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवावी व चांगली घोटावी. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, मेथीचे चार दाणे, कढीपत्ता, सुकी मिरची आणि ठेचलेला लसूण यांची फोडणी करावी. लसूण बदामी होताच डाळ ओतावी आणि भरपूर पाणी घालावे. आमटी नेहमीपेक्षा पातळ, जवळजवळ कढणासारखी ठेवावी, कारण पास्ता शिजताना पाणी पितो आणि ताटात वाढल्यावरही पीतच राहतो. गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा व मीठ घालून खळखळून उकळी आली, की दीडशे ग्रॅम लहान पास्ता सोडावा. मॅकरोनी किंवा शंखाच्या आकाराचा असेल तर उत्तम, कारण त्याच्या पोटात आमटी शिरते. दहा-बारा मिनिटे मध्यम आचेवर, तळापासून हलवत शिजवावे. हलवले नाही तर डाळ आणि पिठूळ अंश तळाशी बसून करपतात. वरून चमचाभर कच्चे तेल किंवा तूप. घरी नेहमी असते ती कोथिंबीर नसली तरी काही बिघडत नाही, लिंबू मात्र असावे.

यात पोषणाचाही हिशेब बसतो. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण सात ग्रॅम प्रथिने असतात, ड्युरमच्या पास्त्यात बारा-तेरा आणि तूरडाळीत बावीसच्या आसपास. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. वरण-भात आणि खिचडी यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे ती काही उगीच नाही. इटलीतली गरीब घरेही पास्ता घेवड्याच्या दाण्यांबरोबर किंवा काबुली चण्यांबरोबर शिजवीत आली आहेत.

डाळही संपली असेल तर लसूण-तेलाचा पास्ता करावा. इटालियन पद्धतीत शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ सांगतात, परंतु पाच किलोच्या सिलिंडरवर स्वयंपाक करणाऱ्याने एवढे पाणी उकळण्यात गॅस घालवू नये. पसरट भांड्यात पास्त्याच्या साडेतीनपट ते चौपट पाणी पुरते, फक्त अधूनमधून हलवावे लागते. शेवटी उरलेले दाट, पिठूळ पाणी ओतून देऊ नये. दुसरीकडे मंद आचेवर तेलात लसणाचे काप आणि लाल मिरची परतावी, त्यात पास्ता आणि ते पाणी घालून जोरात ढवळावे; तेल व पाणी एकजीव होऊन पास्त्यावर चकचकीत लेप चढतो. सिसिलीत यावर चीज परवडत नसे तेव्हा पावाचा भाजलेला चुरा घालीत. इंदुरात तो मान शेवेचा आहे. लौंगेची, म्हणजे लवंगेची शेव हाताने चुरून, वर चिमूटभर जीरावन, म्हणजे पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला, भुरभुरावे. शेव आणि जीरावन दोन्ही खारट, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ बेताचेच घालावे. (रात्री हे करून वर पुन्हा सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खायला जाणाऱ्यांनी मला स्वस्ताईचे प्रश्न विचारू नयेत.)

तांदळाबद्दल मराठी मुलांना फार शिकवावे लागत नाही. पोह्यांच्या या शहरात फोडणीच्या भातावरही जीरावन चालते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळते. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ यांची मऊ खिचडी, मेतकूट-भात, ताक-भात, दाण्याचे कूट घातलेला फोडणीचा भात एवढ्यांवर पंधरवडा सहज निघतो. घरून येताना कोणी काय आणावे असे विचारते, तेव्हा मी लाडवांऐवजी मेतकुटाचा डबा सांगते. ते महिनोन्‌महिने टिकते, शिजवावे लागत नाही आणि त्यात भाजलेल्या डाळी असतात. तांदूळ घेताना जुना घ्यावा. तो पाणी जास्त घेतो, फुगतो आणि मोकळा होतो, त्यामुळे तेवढ्याच मापात ताट भरलेले दिसते. नवा तांदूळ स्वस्त मिळाला तर तो खिचडीला आणि पेजेला ठेवावा. कुकरला एक शिट्टी येऊन गेली की आच बारीक करावी आणि थोड्याच वेळात बंद करावी. उरलेले काम आतली वाफ करते.

शिळ्या भाताबाबत मात्र मी कडक आहे. फोडणीचा भात गार, सुटसुटीत भाताचाच चांगला होतो हे खरे, परंतु भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय येथल्या मे महिन्यात घातक ठरू शकते. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांपैकी काहींनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उलट्या होतात, परीक्षेच्या दिवशी तर नकोच. उरलेला भात ताटात पसरून गार करावा, तासा-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. ज्यांच्या खोलीत फ्रिज नाही त्यांनी भात वेळेपुरताच, माणशी पाऊणशे ते शंभर ग्रॅम तांदळाचा लावावा. शिजल्यावर तो वजनाने अडीच-तीनपट होतो, पास्ता सव्वादोनपट. म्हणून पास्ता थोडा जास्त लागतो.

राहिला पोरकिड्यांचा प्रश्न, कारण पावसाळ्यात निम्मी मुले त्यामुळेच अख्खी पिशवी फेकायला निघतात. पोरकिडे झालेला तांदूळ चाळून, पाखडून, दोन-तीन पाण्यांनी धुतला की खाता येतो. कुबट वास येत असेल किंवा पिठासारखा भुगा झाला असेल तरच टाकावा. तो कडक उन्हात घालू नये, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. सावलीत पसरला की किडे आपोआप निघून जातात. मग डबा पुसून, कोरडा करून, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरावा. पास्त्याच्या नळीत किडा लपून बसतो, म्हणून शंका आल्यास तो शिजवण्याआधी क्षणभर गार पाण्यात बुडवावा. किडे असतील तर ते वर तरंगतात.