काठीच्या लग्नाचे वऱ्हाडी

पौषात लग्नं लावत नाहीत, असं आमच्याकडची वडीलधारी माणसं ठामपणे सांगतात. मुहूर्त विचारायला गेलं तर गुरुजी पंचांग उघडतसुद्धा नाहीत. आणि हीच माणसं बहुतेक वेळा ऐन पौषात येणाऱ्या संक्रांतीला ठेवणीतले कपडे घालून, रुमालाच्या टोकाला अक्षता बांधून सिद्धेश्वरच्या तळ्याकडे चालू लागतात. कुठं निघालात विचारलं की म्हणतात, "लग्नाला." सोलापूरच्या या लग्नाला पत्रिका नाही, आहेर नाही, जेवणावळीवरून कुणाचा रुसवा नाही, आणि तरी वऱ्हाड लाखांनी जमतं. नवरा-नवरी आहेत, पण काठ्यांच्या रूपात.

गोष्ट अशी सांगतात. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, ज्यांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली आणि तळं खोदलं, त्यांच्यावर एका कुंभाराच्या मुलीचं मन जडलं. हे विरक्त. लग्न करायचं नाही, पण मुलीचं मनही मोडवेना. मग म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. ती तयार झाली! तेव्हापासून दरवर्षी हे लग्न लागतं. सात नंदीध्वज निघतात. त्यांतला पहिला योगदंडाचं प्रतीक, दुसरा कुंभारकन्येचं. बोलताना मात्र नंदीध्वज फारसं कुणी म्हणत नाही. "काठ्या आल्या का?" हाच प्रश्न. आदल्या दिवशी या काठ्या 68 लिंगांच्या तैलाभिषेकासाठी गावभर फिरतात, दुसऱ्या दिवशी अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवण्याचा विधी.

मध्यम आकाराच्या शहराची एक गंमत असते. ते इतकं मोठं नसतं की उत्सव 'बघायला' जावं, आणि इतकं लहानही नसतं की सगळ्यांना सगळे ओळखत असावेत. त्यामुळे जो तो काही ना काही नातं सांगून मांडवात शिरतो. कुणाच्या आजोबांनी काठी पेललेली असते. कुणाच्या गल्लीतून काठ्या जातात, तेवढ्यावर त्या गल्लीची मान वर्षभर ताठ. पहिली काठी यात्रेचे मुख्य मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघते. पुढच्या काठ्यांचे मान देशमुख, माळी, विश्वब्राह्मण, मातंग असे वाटलेले. ज्याला यातलं काहीच नाही तो म्हणतो, आमच्या दुकानासमोर पाच मिनिटं थांबतात. तोही मानकरीच म्हणायचा.

काठी पेलणं हे येरागबाळ्याचं काम नाही. उंच, जड, वर साजशृंगार, आणि खाली पेलणारा एकच गडी. दिवाळी सरली की रात्री जेवणं उरकून पोरं सरावाला जमतात. प्रत्येक काठीला एक 'मास्तर' असतो. शाळेतल्या मास्तरांचं ज्यांनी जन्मात कधी ऐकलं नाही, ती पोरं या मास्तरांसमोर मान खाली घालून उभी असतात. "सरळ बघ की बे, खाली काय बघायलास?" एवढं एक वाक्य पुरतं. यात्रेच्या दिवशी हीच पोरं पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत अशी काही दिसतात की त्यांच्या आयांनासुद्धा क्षणभर ओळख पटू नये.

अक्षता सोहळा होतो तो देवळाजवळच्या संमती कट्ट्यापाशी. खरं सांगायचं तर तिथं पोचलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते, एखाद्या पोराचे बापाच्या खांद्यावरून लोंबणारे पाय दिसतात, आणि लांबवर काठ्यांचे शेंडे. मुठीतल्या अक्षता घामानं चिकटलेल्या. मग ध्वनिक्षेपकावरून संमतीवाचन सुरू होतं, कन्नडमधून. "सत्यम सत्यम... दिड्डम दिड्डम..." कानावर पडलं की हजारो हात एकदम वर जातात. गर्दीत मराठी बोलणारे असतात, तेलुगू बोलणारे असतात, घरात दख्खनी बोलणारेही असतात. शब्दाशब्दाचा अर्थ किती जणांना कळतो, कुणी विचारत नाही. आपल्याच घरच्या लग्नातल्या मंगलाष्टका तरी आपण कुठं अर्थ लावून ऐकतो? "सावधान" आलं की टाकायच्या, इथं "दिड्डम" आलं की टाकायच्या. पाठोपाठ "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, श्री सिद्धेश्वर महाराज की जय" असा गजर उठतो, आणि डोक्यावर पडलेल्या अक्षता झटकत लोक एकमेकांकडे बघून हसतात. लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या होमाचं मात्र मला दरवर्षी थोडं जड जातं. कडब्याच्या पेंढीला शालू नेसवतात, मंगळसूत्र घालतात, ती कुंभारकन्या. आणि तिला होमात अर्पण करतात. लग्न काल लागलं आणि आज हे. परंपरा आहे, कथाच तशी आहे, हे सगळं समजतं. तरी भोवतीच्या घोळक्यातल्या एखाद्या म्हातारीनं तेवढ्यात पदर डोळ्यांना लावलेला असतो. मला त्या म्हातारीचं पटतं.

यात्रेच्या तोंडावरच, 12 जानेवारीला, शहर आणखी एक गोष्ट न चुकता करतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं गेलं. इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या 1930 च्या मार्शल लॉचा तो शेवट. त्यांच्या पुतळ्यांना हार घालायचे आणि तिथूनच काठ्यांच्या तयारीला लागायचं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. कुणी ठरवून निवडले असते तरी सोलापूरचे इतके नेमके प्रतिनिधी निघाले नसते. पुण्याला नोकरीला गेलेली आमची पोरं यात्रेला ज्या गाडीनं येतात तिचं नावही हुतात्मा एक्स्प्रेस. त्या दिवसांत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि डब्यात सगळ्यांचे संवाद एकच. "गड्ड्याला चाललास?" "मग काय बे!"

गड्डा म्हणजे होम मैदानावरची जत्रा. देवाचं सगळं पाच-सहा दिवसांत आटोपतं, गड्डा मात्र जानेवारी संपला तरी हलत नाही. आकाशपाळणे, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, प्लॅस्टिकच्या बादल्यांचे डोंगर, भज्यांच्या कढया, आणि सगळ्यांवर सारखी बसणारी धूळ. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची माणसं येतात तशी विजापूर, कलबुर्गीकडचीही. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, यंदा गड्ड्यात काही राम नाही, पूर्वीसारखं राहिलं नाही. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, आणि म्हणणारा प्रत्येक वेळी मोठ्या पाळण्याच्या रांगेतच उभा असतो. तिकिटांचे दर तेवढे खरंच पूर्वीसारखे राहिले नाहीत.

गड्डा उठला की शहर सुनं होतं म्हणावं, तर तेही होत नाही. रंगपंचमीला लोधी समाजाचे रंगगाडे निघतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ. त्या दिवशी यंत्रमाग बंद आणि पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं रस्त्यावर. गणपतीत लेझीम. या बाबतीत मी हट्टी आहे. डीजेच्या भिंतीपुढं उभं राहिलं की नाचायला काही शिकावं लागत नाही, आणि तिथंच माझा आक्षेप आहे. लेझमीला महिनाभर तालीम लागते, चुकलं की शेजारच्याच्या कोपराला लागते. नवरात्रात पूर्व भागातल्या बायका फुलांची बतुकम्मा रचतात, तर कोजागरीला अर्धं शहर तुळजापूरच्या वाटेवर. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर चालत, वाटेत कुणी चहा देतो, कुणी केळी, आणि कुणी नुसतंच "अजून लई लांब हाय" असं सांगून पाय आणखी दुखवतो.

पण मला सगळ्यांत आवडते ती भाकणूक. होमाच्या रात्री, उशिरा, दिवसभर उपाशी ठेवलेलं एक वासरू आणतात. त्याच्यापुढं धान्य, गाजर, बोरं, ऊस असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाला हुंगून सोडतं, शांत राहतं की बिथरतं, यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो, तरी वासराचा अंदाज ऐकायला गर्दी असते. वासरू बिचारं भेदरलेलं. चारी बाजूंनी माणसं, दिवे, मोबाइल. त्या अवस्थेत कुणीही बिथरेल. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाकणुकीची बातमी ठळक असते आणि चहाच्या टपरीवर तिचा कीस निघतो.

आमच्या शेजारचे काका मार्केट यार्डात कांद्याचे अडते. होमाच्या रात्री ते थंडीत कानटोपी घालून पुढच्या रांगेत उभे असतात. एकदा वासरानं गाजर हुंगलं, बोरं चघळली आणि मान फिरवली. निकाल जाहीर झाला: पाऊस बरा, लाल वस्तू महागणार. काकांनी तिथल्या तिथं विचारलं, कांदा लालमध्ये धरायचा की नाही? कुणी म्हणालं धरायचा, कुणी म्हणालं लाल म्हणजे मिरची, गूळ. परतताना किल्ल्याच्या कडेनं वाद चालूच. शेवटी काका वैतागून म्हणाले, "पुढच्या वर्षी ताटात एक कांदा ठेवा म्हणावं मानकऱ्यांना." मागून कुणीतरी उत्तर दिलं, "ठेवला तर वासराच्या डोळ्यातनं पाणी येईल की ओ, मग त्याचा काय अर्थ लावायचा?"