नेटवर्क मॅनेजर काढला आणि नेटच गेलं

लॅपटॉपवर उबंटू २२.०४ (विंडोजसारखीच एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून महिना झाला होता, सगळं मस्त, फक्त वायफाय दर दहा-पंधरा मिनिटांनी झोपायचं, म्हणजे कनेक्टेड दाखवायचं पण पान काही उघडायचं नाही. मग डोक्यात किडा वळवळला की हा नेटवर्क मॅनेजरच, म्हणजे उबंटूत वायफाय-नेट जोडून देणारा प्रोग्रामच बेकार, तो काढू आणि त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम कॉनमन टाकू, हलकं असतं म्हणे. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सुडो ॲप्ट रिमूव्ह नेटवर्क-मॅनेजर मारलं, ॲप्ट म्हणजे प्रोग्राम टाकणारा-काढणारा, त्याने सोबत काय काय जाणार त्याची यादी दाखवली, व्हीपीएनची प्लगिनं वगैरे, पण ती यादी कोण वाचतंय, वाय दाबलं.

वरच्या पट्टीतलं वायफायचं चिन्ह गेलं. बरं. आता कॉनमन टाकायला गेलो तर ॲप्ट म्हणतं टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग, म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही. दोन मिनिटं मी सर्व्हरलाच शिव्या घातल्या, मग ट्यूब पेटली. अरे, नेट आणणारा गडीच हाकलून दिला मी, आता नवा गडी येणार कुठल्या रस्त्याने! आधी नवं टाकून मग जुनं काढायचं, एवढं साधं पण सुचलं नाही.

बहिणीचा फोन मागितला, यूएसबीला लावून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. काहीच नाही. कारण एरवी फोन लावला की आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घेऊन देण्याचं कामही तोच करतो, ज्याला मी काढलेलं. मग हाताने. आयपी लिंक ही नेटवर्कची जोडणी दाखवणारी कमांड मारली, तर यादीत ईएनएक्स पासून सुरू होणारं आणि मागे अख्खा मॅक पत्ता (जोडणीचा हार्डवेअर नंबर) चिकटलेलं फोनच्या जोडणीचं एक लांबलचक नाव, स्टेट डाऊन, म्हणजे बंद. सुडो आयपी लिंक सेट, ते नाव, अप. मग आयपी मागून घेणारी कमांड, सुडो डीएचक्लायंट आणि परत तेच नाव. एक अक्षर चुकलं की कॅनॉट फाइंड डिव्हाइस, तिसऱ्यांदा जमलं. कर्सर जरा वेळ लुकलुकत थांबला आणि काहीच न बोलता खालच्या ओळीवर आला. पिंग मारून नेट लागतंय का बघितलं, चालू!

इथे थांबायला हवं होतं, पण हट्ट. कॉनमन टाकलंच. कॉनमनसीटीएल या त्याच्या टर्मिनलमधल्या कमांडमध्ये एजंट ऑन, स्कॅन वायफाय, सर्व्हिसेस असं करत वायफाय लागलं सुद्धा, पण सेटिंग्जमधलं वायफायचं पान उघडलं तर ते म्हणतं नेटवर्क मॅनेजर चालू पाहिजे. ग्नोमची, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपची, वायफायची सेटिंग्ज फक्त त्याच्याशीच बोलतात. म्हणजे प्रत्येक वेळी टर्मिनल, आणि आईने वायफाय लावायला घेतलं तर तिला काय सांगू, एजंट ऑन कर?

परत उलटा प्रवास. ह्या वेळी फोन लावलेलाच ठेवला, आधी नेटवर्क मॅनेजर इन्स्टॉल केला, मग कॉनमन पर्ज, म्हणजे कॉन्फिग फायलींसकट. आणि गंमत म्हणजे वायफायचे जुने पासवर्ड तसेच्या तसे सापडले, कारण मी आधी नुसतं रिमूव्ह केलेलं, पर्ज नाही, रिमूव्ह कॉन्फिगला हात लावत नाही. निव्वळ नशीब.

मग ते पासवर्ड बघायला नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फिगचं फोल्डर उघडलंच आहे तर बघू म्हणून त्यातल्या कॉन्फ डॉट डी मध्ये डोकावलो, तिथे वायफाय पॉवरसेव्ह नावाची फाइल, आत किंमत ३, म्हणजे वीज वाचवणं चालू. ती २, म्हणजे बंद केली, नेटवर्क मॅनेजरची सर्व्हिस रीस्टार्ट केली. तेव्हापासून वायफाय एकदाही झोपलेलं नाही.

बहीण मात्र अजून ऐकवते, "दादा, त्या दिवशीचा माझा डेटा कधी भरून देतोयस?"